घरच्या पहिल्या होम थिएटरसाठी जुना सीआरटी प्रोजेक्टर: इलेक्ट्रोहोम मार्की ८५००

वापरलेल्या सीआरटी प्रोजेक्टरची, म्हणजे जुन्या टीव्हीसारख्या पिक्चर ट्यूबवर चालणाऱ्या प्रोजेक्टरची, खरी किंमत त्याच्या तीन ट्यूबच्या काचेमागे किती फॉस्फर (इलेक्ट्रॉन आदळले की उजळणारा लेप) शिल्लक आहे यावर ठरते. हा हिशेब मनात पक्का झाला की कोणते मॉडेल घ्यावे, कोणाकडून घ्यावे आणि किती पैसे द्यावेत, या प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी आपोआप मिळू लागतात. मी कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात, मिसिसागा येथे राहतो. घराच्या बेसमेंटमध्ये पहिलेच होम थिएटर उभारताना मी नवा डिजिटल प्रोजेक्टर न घेता इलेक्ट्रोहोम कंपनीचा मार्की ८५०० हा १९९० च्या दशकातील प्रोजेक्टर घेतला. पुढील परीक्षण त्या यंत्राचे तर आहेच, पण अशी खरेदी करू पाहणाऱ्याने विक्रेत्याकडे जाण्यापूर्वी काय जाणून घ्यावे, हे सांगण्याचाही त्यात प्रयत्न आहे. कारण ही यंत्रे आता दुकानात मिळत नाहीत आणि त्यांच्याविषयी खात्रीने बोलणारी माणसेही विरळ होत चालली आहेत.

या प्रोजेक्टरमध्ये दिवा नसतो. लाल, हिरवी आणि निळी अशा तीन स्वतंत्र ट्यूब शेजारी शेजारी बसवलेल्या असतात. प्रत्येकीच्या आत इलेक्ट्रॉनांचा झोत तीस हजारांहून अधिक व्होल्टच्या दाबाखाली फॉस्फरच्या थरावर आदळून एकाच रंगाचे चित्र उमटवतो आणि तिच्यापुढची भलीमोठी लेन्स ते चित्र पडद्यावर फेकते. तिन्ही चित्रे पडद्यावर तंतोतंत एकमेकांवर बसली तरच एक रंगीत चित्र दिसते. केसभर सरकली तरी अक्षरांच्या कडांना लाल-निळी किनार येते. कंपन्यांची सभागृहे, नियंत्रण कक्ष, विमानचालनाच्या प्रशिक्षणाचे सिम्युलेटर अशा ठिकाणी ही यंत्रे एके काळी सर्रास असत आणि तेव्हा त्यांची किंमत दहा हजारांच्या पटीत डॉलर असे. घरी चित्रपट पाहणाऱ्या हौशी मंडळींच्या हाती ती आली ती मुख्यतः त्या संस्थांनी टाकून दिल्यावर. पुढे २००७ मध्ये जेव्हीसीने डीएलए-आरएस१ हा १५,०००:१ एवढा मूळ कॉन्ट्रास्ट सांगणारा डिजिटल प्रोजेक्टर आणला, तेव्हा काळ्या रंगासाठी सीआरटीशिवाय पर्याय नाही हा युक्तिवाद बराच लंगडा झाला आणि जुन्या यंत्रांचे भाव कोसळले. आज ८ इंची ट्यूबचे चालू स्थितीतले यंत्र काही शे डॉलरांत, क्वचित केवळ उचलून नेण्याच्या बोलीवरही मिळते.

मार्की निवडण्यामागे भूगोलाचा भाग मोठा होता. इलेक्ट्रोहोम ही मिसिसागाहून गाडीने तासाभराच्या अंतरावरील किचनर गावची कंपनी. १९०७ मध्ये, म्हणजे त्या गावाचे नाव अजून बर्लिन होते तेव्हा, तिची सुरुवात झाली. ग्रामोफोन, रेडिओ, दूरचित्रवाणी संच असा प्रवास करत ती प्रोजेक्टरपर्यंत पोहोचली आणि १९९९ मध्ये तिचा प्रोजेक्टरचा व्यवसाय क्रिस्टी कंपनीकडे गेला. त्यामुळे दक्षिण ऑन्टारिओत मार्की यंत्रे आणि त्यांचे सुटे भाग तुलनेने सहज सापडतात. बेल्जियमच्या बार्कोची ८०८ आणि १२०८, सोनीचे जी७०, एनईसीची एक्सजी मालिका हेही ८ इंची वर्गातले चांगले प्रोजेक्टर आहेत आणि तुमच्या गावाजवळ त्यांपैकी एखादा उत्तम ट्यूबसह मिळत असेल, तर मार्कीचा हट्ट धरण्याचे कारण नाही. सत्तर किलोंहून जड वस्तूच्या बाबतीत जवळ मिळणे हाच मोठा गुण आहे. मालवाहतुकीत ट्यूबची मान तडकली, की मागवलेल्या यंत्राचे भंगार व्हायला वेळ लागत नाही.

ट्यूबच्या आकाराविषयी एवढे सांगितले पाहिजे की ७ इंची यंत्रे, उदाहरणार्थ सोनीची व्हीपीएच-१२७० किंवा डी५०, हलकी, काटक आणि स्वस्त असली तरी मोठ्या पडद्यावर त्यांना धाप लागते. तर ९ इंची यंत्रे, म्हणजे सोनी जी९०, बार्को १२०९ किंवा मार्की ९५००एलसी, १०८० रेषांचे चित्र खऱ्या अर्थाने उलगडून दाखवतात, पण ती अजूनही महाग आहेत आणि त्यांचे वजन शंभर किलोंच्या आसपास जाते. ८ इंची हा मधला मार्ग पहिल्या खरेदीला योग्य आहे. मात्र ८ इंचीतही फोकस विद्युतचुंबकीय आहे की केवळ स्थिरविद्युत, हे अवश्य विचारावे. मार्की ८५०० मध्ये तो विद्युतचुंबकीय आहे आणि ठळक पांढऱ्या भागांतही बिंदू फुगत नाही, हा त्याचा लाभ बारीक अक्षरे पाहताना लगेच जाणवतो.

आता ट्यूबविषयी, कारण खरेदीची सारी कसोटी येथे आहे. विक्रेत्याने यंत्र आधीच सुरू करून एखादा झगमगीत चित्रपट लावून ठेवला असेल, तर ते नम्रपणे बंद करायला सांगावे. यंत्र बंद असताना लेन्समधून टॉर्चचा उजेड आत टाकून ट्यूबचा पृष्ठभाग पाहावा. कमी वापरलेल्या ट्यूबचा फॉस्फर सर्वत्र एकसारखा, फिकट आणि मऊ दिसतो; वापरलेल्या ट्यूबवर मधोमध एक तपकिरी किंवा करडा आयत उमटलेला असतो आणि त्याची कड जितकी स्पष्ट, तितकी झीज अधिक. सभागृहातून आलेल्या यंत्रावर संगणकाच्या पडद्याच्या तळाची पट्टीही कायमची कोरलेली सापडते. त्यानंतर यंत्र सुरू करून, अर्धा तास तापू देऊन, एकेक रंग वेगळा करून पूर्ण उजळ पडदा दाखवायला सांगावे. झिजलेला भाग त्या एकरंगी उजेडात मळकट डागासारखा उघडा पडतो. निळ्या ट्यूबकडे विशेष लक्ष द्यावे, कारण पुरेसा पांढरा उजेड मिळवण्यासाठी तिला सर्वाधिक राबवावे लागते आणि बहुधा तीच आधी थकते. हिरवी ट्यूब चांगली असणे मात्र सर्वांत मोलाचे, कारण चित्राचा तीक्ष्णपणा डोळ्याला मुख्यतः हिरव्यातूनच जाणवतो.

तासांच्या आकड्यावर विसंबून राहू नये. यंत्राच्या मेनूत वापराचे तास दिसतात आणि विक्रेते ते ठळकपणे सांगतात. पण तो आकडा पेटीचा असतो, ट्यूबचा नाही. ट्यूब मध्येच बदललेल्या असू शकतात, आकडा साठवणारा बोर्ड दुसऱ्या यंत्रातला असू शकतो, आणि कॉन्ट्रास्ट कमी ठेवून वापरलेली दहा हजार तासांची ट्यूब ही भडक ठेवून तीन हजार तास जाळलेल्या ट्यूबपेक्षा निश्चित चांगली असते. टॉर्चने जे दिसते ते खरे.

झीज कोणत्या आकाराची आहे, याचाही विचार करावा. संगणकासाठी वापरलेल्या यंत्रावर झीज ४:३ आकाराची असते. त्यावर १६:९ चा चित्रपट दाखवताना चित्र त्या झिजलेल्या आयताच्या आतच मावते, त्यामुळे झीज सगळीकडे सारखी असेल तर पडद्यावर तिची कड दिसत नाही. या कारणाने सभागृहातले यंत्र पुष्कळदा दिसते त्यापेक्षा चांगला सौदा ठरतो. उलट, एखाद्या शौकिनाने वर्षानुवर्षे केवळ रुंद चित्रपट पाहिलेले यंत्र बाहेरून कितीही निगा राखलेले असले, तरी त्याच्या ट्यूबवर मधोमध आडवा पट्टा झिजलेला असतो. आपल्यासारख्या प्रेक्षकाला ते अडचणीचे आहे. ‘प्रभात’च्या काळातील कृष्णधवल चित्रपट जवळजवळ चौकोनी आकाराचे असतात, ते पूर्ण उंचीने दाखवले की वरचा आणि खालचा भाग ताजा, मधला भाग मळका, असे कृष्णधवल चित्रात तर फारच उघड दिसते. मला जुने मराठी चित्रपट पाहायचे होते, म्हणून अशा एका यंत्राला मी, किंमत मोहात पाडणारी असूनही, नकार दिला. मी घेतलेल्या ८५०० वर तिन्ही ट्यूबची झीज हलकी आणि ४:३ आकाराची होती.

ट्यूबच्या पुढे थंडाव्यासाठी ग्लायकॉलयुक्त द्रवाची छोटी कुपी असते. त्यात वर्षानुवर्षांनी बुरशी धरते आणि टॉर्चच्या उजेडात ती कापसाच्या तंतूंसारखी तरंगताना दिसते. द्रव बदलता येतो, परंतु ते नवख्याने पहिल्याच महिन्यात हाती घेण्याचे काम नव्हे. गळती मात्र खपवून घेऊ नये; गळालेला द्रव खालच्या सर्किटवर उतरला, की पुढे काय होईल ते सांगता येत नाही. शिवाय ट्यूब आणि लेन्स यांच्यामध्ये हवेची फट आहे की द्रव भरलेला आहे, हेही विचारून घ्यावे. हवेची फट असेल, तर काळ्या पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या अक्षरांभोवती धूसर तेजोवलय दिसते. द्रवजोड असलेल्या यंत्रांत ते पुष्कळ कमी होते. माझे यंत्र हवेच्या फटीचे आहे. चित्रपटाच्या शेवटी काळ्यावर पांढरी नामावली सरकू लागली की त्याची आठवण होते, एरवी क्वचितच.

यंत्र सुरू झाल्यावर कानही उघडे ठेवावेत. अधूनमधून ‘टक्’ असा कोरडा आवाज येत असेल किंवा ओझोनचा तिखट वास येत असेल, तर उच्च दाबाच्या विभागात ठिणगी पडत आहे असे समजून तेथून निघावे. या वयाच्या सर्वच यंत्रांत वीजपुरवठ्याचे कपॅसिटर आणि सोल्डरने जोडलेले सांधे हे कच्चे दुवे असतात, मग कंपनी कोणतीही असो. आणि पेटीचे झाकण उघडून आत हात घालण्याचे धाडस ज्याला उच्च दाबाच्या विजेची माहिती नाही त्याने मुळीच करू नये. वीज काढून घेतल्यानंतरही ट्यूबमध्ये जीवघेणा भार काही काळ साठून राहतो.

यंत्र घरी आणणे हा वेगळाच पराक्रम आहे. उत्तर अमेरिकेतील घरांचे बेसमेंटचे जिने अरुंद आणि मध्येच वळणारे असतात. तीन धडधाकट माणसे, रुंद पट्टे आणि लेन्स काढून वेगळ्या नेण्याची तयारी एवढे तरी हवेच. छताला टांगण्याचा मोह पहिल्या यंत्राच्या बाबतीत आवरावा असे माझे मत आहे. छताच्या लाकडी तुळयांवर एवढे वजन सुरक्षितपणे टांगण्यासाठी जाणकार सुताराकडून आधार बांधून घ्यावा लागतो, आणि जुळणी शिकण्याच्या काळात दर वेळी शिडीवर चढून लेन्स फिरवणे कंटाळवाणे होते. मी यंत्र जमिनीवर, बैठकीच्या पहिल्या रांगेपुढे ठेवले आहे. ते सुंदर दिसत नाही, घरच्यांनी त्याविषयी आपले मत लपवूनही ठेवलेले नाही. पण तीनही लेन्स हाताशी राहतात, हा लाभ मोठा आहे.

पडद्याच्या बाबतीत एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते. उजेड कमी म्हणून जास्त परावर्तन देणारा पडदा घ्यावा, असा सल्ला दुकानदार सहज देतात आणि डिजिटल प्रोजेक्टरसाठी तो काही वेळा योग्यही असतो. सीआरटीमध्ये मात्र लाल आणि निळा उजेड हिरव्याच्या दोन बाजूंनी, निराळ्या कोनांतून येतो. त्यामुळे दिशेनुसार परावर्तन बदलणाऱ्या पडद्यावर चित्राची एक बाजू तांबूस आणि दुसरी निळसर दिसू लागते. परावर्तनाचे प्रमाण (गेन) १.३ च्या आसपास असलेला, साधा पांढरा, सपाट पडदा हेच योग्य, आणि रुंदी ७ ते ८ फुटांपुढे नेऊ नये. ८ इंची वर्गातले यंत्र पूर्ण उजळ पडद्यावर साधारण दोनशे लुमेन एवढाच उजेड देते. चित्रपटगृहांसाठी रीळ न लावता १६ फूट-लँबर्ट (पडद्यावरच्या उजळपणाचे एकक) हे उजेडाचे प्रमाण मानले जाते. माझ्या पडद्यावर त्याच्या निम्म्याच्या आसपास उजेड पोहोचतो. अंधारात डोळे सरावले की तो पुरतो, परंतु अंधार म्हणजे पूर्ण अंधार. बेसमेंटच्या खिडकीला जाड पडदा आणि छतासह भिंतींना गडद, चमक नसलेला रंग, हा खर्च प्रोजेक्टरच्या किमतीतच धरावा.

जुळणी हा या यंत्राचा आत्मा आहे, आणि ज्याला ती कटकट वाटते त्याने हे परीक्षण येथेच सोडून डिजिटल प्रोजेक्टर घ्यावा. काम क्रमाने करावे लागते. मधली पायरी गाळली की पुढच्या सर्व पायऱ्या पुन्हा कराव्या लागतात. आधी यंत्र पडद्याच्या मध्यरेषेवर, हिरवी लेन्स पडद्याला अगदी काटकोनात येईल असे आणि पुस्तिकेत दिलेल्या अंतरावर ठेवायचे. मग लेन्समधून थेट ट्यूबकडे पाहत, अर्थात उजेड अगदी मंद करून, चित्र फॉस्फरच्या मधोमध आणायचे. ते ट्यूबच्या कडेला फार जवळ गेले तर धोका असतो. त्यानंतर प्रत्येक लेन्सचा फोकस हाताने, मध्यभागी आणि कडांना वेगवेगळा, आणि बाजूच्या दोन लेन्स पडद्याकडे तिरप्या पाहत असल्यामुळे त्यांचा कल सुधारणे. मग विद्युत फोकस. मग बिंदू गोल व्हावेत म्हणून ट्यूबच्या मानेवरच्या चुंबकांची जुळवाजुळव, जी उघड्या यंत्रावर करावी लागते आणि म्हणून जाणत्याच्याच हाती सोपवावी. हे सारे झाल्यावर हिरव्या चित्राची भूमिती सरळ करायची: चौकटींच्या रेषा वाकलेल्या, कललेल्या किंवा फुगलेल्या राहता कामा नयेत. आणि शेवटी कन्व्हर्जन्स, म्हणजे लाल आणि नंतर निळी जाळी हिरव्या जाळीवर आणून बसवणे, आधी मध्यभागी, मग कडांना, मग कोपऱ्यांत.

हे वाचताना अवघड वाटते, पण मार्कीचा मेनू त्या बाबतीत समंजस आहे. कोणता रंग, पडद्याचा कोणता भाग आणि कोणता दोष, हे निवडत पुढे जाता येते, आणि प्रत्येक सिग्नलसाठीची जुळणी स्वतंत्रपणे साठवता येते. यंत्र तासभर तापल्याशिवाय कन्व्हर्जन्सला हात लावू नये. थंड यंत्रावर जुळवलेले चित्र पाहता पाहता सरकते. जागा हलवली तर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी असलेली दिशा बदलते आणि तेवढ्यानेही जुळणी बिघडते, म्हणून सफाईसाठी यंत्र ओढणाऱ्यांना आधीच समज द्यावी. नवीन मांडणीनंतर पहिले काही आठवडे थोडी थोडी दुरुस्ती लागते. पुढे ते स्थिरावते आणि महिनोन्महिने हात लावावा लागत नाही. रंगांचा समतोल मात्र डोळ्यांनी साधू नये. छोटे रंगमापक यंत्र उसने मिळाले तरी चालेल, पण करड्या रंगाच्या सर्व छटा ६५०० केल्विनजवळ आणून घ्याव्यात. निळे फॉस्फर जास्त उजेडाला लवकर थकून मागे पडते, त्यामुळे ठळक पांढरा भाग पिवळट होतो. त्यावर उपाय म्हणून निळ्याचा फोकस मुद्दाम किंचित ढिला ठेवतात. ऐकायला हे विचित्र वाटते, परंतु निळ्यातला धूसरपणा डोळ्याला जवळजवळ कळत नाही आणि उजेड मात्र वाढतो.

सिग्नलच्या बाबतीत काळ बराच पुढे निघून गेला आहे. मार्कीला लाल, हिरवा, निळा आणि दोन सिंक (रेषा आणि फ्रेम कधी सुरू होते हे सांगणारे संकेत) अशा पाच स्वतंत्र तारांचा ॲनालॉग सिग्नल लागतो, तर आजचे प्लेअर केवळ एचडीएमआय देतात आणि तोही नक्कलबंदीच्या कुलपासह. त्यासाठी एचडीफ्युरीसारखा परिवर्तक घ्यावा लागतो, आणि त्याचे जुने नमुनेच या कामाचे असल्याने तोही वापरलेलाच शोधावा लागतो. भारतातील जुन्या, पाल या दूरचित्रवाणी पद्धतीच्या डीव्हीडीचा सिग्नल तसाच दिला, तर १५.६२५ किलोहर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला एवढ्या हजार रेषा) रेषा एवढ्या विरळ पडतात की चित्र झिलमिली पडद्यामागून पाहिल्यासारखे वाटते. त्या भरून काढणारा स्केलर मध्ये हवाच. ब्लू-रेसाठी १०८०आय हा सिग्नल ३३.७५ किलोहर्ट्झवर चालतो आणि या यंत्राला तो अगदी सोपा आहे. १०८०पी ला ६० हर्ट्झवर ६७.५ किलोहर्ट्झ लागतात. चित्रपटाची प्रत्येक फ्रेम बरोबर तीनदा दाखवण्यासाठी ७२ हर्ट्झ निवडले, तर ८१. यंत्र हे सर्व स्वीकारते. मात्र ८ इंची ट्यूबवर १०८० रेषा वेगळ्या उमटण्याऐवजी एकमेकींत मिसळतात. माझ्या डोळ्यांना ७२०पी हे ७२ हर्ट्झवर सर्वांत समाधानकारक वाटले. आकड्यांच्या मागे लागलेल्यांना हे पटणार नाही, पण चित्र पाहून ठरवावे.

आणि चित्र कसे दिसते? रात्रीच्या दृश्यात, जिथे काहीच नाही तिथे खरोखर काहीच दिसत नाही. पडद्याची चौकटही अंधारात विरघळते. पडदा पूर्ण काळा होतो तेव्हा यंत्र चालू आहे हे फक्त पंख्याच्या आवाजावरून कळते. ठिपक्यांची जाळी नसते. कॅमेरा आडवा फिरताना चित्र पुसट होत नाही, कारण प्रत्येक बिंदू क्षणभर उजळून विझतो, डिजिटल पडद्यासारखा पुढच्या फ्रेमपर्यंत तेवत राहत नाही. क्रिकेटच्या जुन्या ध्वनिचित्रमुद्रणांत चेंडूचा मार्ग इतका स्वच्छ मी दुसऱ्या कोणत्याही पडद्यावर पाहिलेला नाही. ‘प्रभात’च्या चित्रपटांच्या ज्या प्रती आपल्याला मिळतात त्या फार चांगल्या नसतात, मोठ्या ओएलईडी टीव्हीवर त्यांतील प्रत्येक ओरखडा, प्रत्येक डिजिटल चौकट टोकदार होऊन समोर येते. मार्कीवर तोच मजकूर मऊ होतो, करड्या छटा सलग राहतात आणि चेहरे पुन्हा चेहऱ्यांसारखे दिसू लागतात. नव्या, लख्ख मजकुराला हा मऊपणा लाभ की तोटा, याविषयी मतभेद होऊ शकतो. जुन्या चित्रपटांच्या बाबतीत मला शंका नाही.

दोष सांगितले पाहिजेत आणि ते किरकोळ नाहीत. एकाच दृश्यात मोठा उजळ भाग आणि काळोख एकत्र आले, उदाहरणार्थ बर्फाळ मैदानात उभा काळ्या कोटातला माणूस, तर लेन्समध्ये उजेड पसरून कोट करडा होतो. या ठिकाणी साधारण डिजिटल प्रोजेक्टरही मार्कीला मागे टाकतो. हिरवा रंग थोडा पिवळसर आणि लाल थोडा नारिंगीकडे झुकतो. रंगीत फिल्टर असलेल्या लेन्सने तो सुधारतो, पण उजेड आणखी घटतो. दिवसा सामना पाहणे, दिवे लावून मित्रांबरोबर गप्पा मारत पाहणे, लहान मुलांसाठी दुपारी कार्टून लावणे, यांपैकी काहीच शक्य नाही. एचडीआर नाही, ४के नाही. खेळांच्या वाहिन्यांचा स्थिर गुणफलक किंवा बातम्यांची पट्टी रोज तासन्तास ठेवली, तर ती ट्यूबवर कोरली जाईल. पंख्यांचा आवाज शांत प्रसंगांत ऐकू येतो. वीज पाच-सहाशे वॅट लागते आणि तिची उष्णता खोलीतच उतरते. ऑन्टारिओच्या जानेवारीत त्याबद्दल तक्रार नाही, जुलैत आहे.

पैशांचा हिशेबही प्रामाणिकपणे मांडायला हवा. प्रोजेक्टर स्वस्त पडला, पण परिवर्तक, स्केलर, पडदा, पाच तारांच्या लांब केबल, भिंतींचा रंग आणि वाहतूक हे मिळून त्याच्या किमतीच्या कितीतरी पुढे गेले. एवढ्या एकूण रकमेत आज एक चांगला, वॉरंटीसह येणारा, दुपारीही चालणारा डिजिटल प्रोजेक्टर घरपोच मिळतो. ज्याला शुक्रवारी रात्री बटण दाबून कुटुंबासह चित्रपट पाहायचा आहे, त्याला मी मार्की सुचवणार नाही. ज्याच्याकडे पूर्ण अंधाराची खोली आहे, जुने चित्रपट ज्याच्या आवडीचे आहेत, आणि जाळीच्या रेषा एकमेकींवर बसवण्यात ज्याचा शनिवार आनंदात जातो, त्याच्यासाठी या किमतीत ८५०० सारखे दुसरे काही नाही.

घ्यायचेच ठरले, तर एक शेवटची सूचना. नव्या ८ इंची ट्यूब आता मिळणे जवळपास संपले आहे आणि बोर्ड दुरुस्त करणारे कारागीरही बोटांवर मोजण्याएवढे उरले आहेत. म्हणून त्याच मॉडेलचे दुसरे, ट्यूब झिजलेले पण सर्किट चालू असलेले यंत्र, फुकट किंवा भंगाराच्या भावात मिळाले तर लगेच उचलावे. वीजपुरवठा, उच्च दाबाचा विभाग, व्हिडिओचे बोर्ड आणि रिमोट हे सुटे भाग म्हणून त्यातूनच मिळतात. ते कोरड्या जागी, लेन्सवर झाकण घालून, आडवे न पाडता ठेवावे लागते. ऑन्टारिओतल्या गॅरेजच्या थंडी-ओलाव्यात सर्किट टिकत नाही, त्यामुळे दुसरी पेटीही बेसमेंटमध्येच राहणार, हे गृहीत धरून आधी तेथली जागा मोजावी आणि मगच पहिल्या पेटीचा सौदा करावा.